रंध्याच्या काठी भरलेली ओटी

२० ऑगस्ट १९७१, शुक्रवार

ठरलं! रविवारी रंध्याचा धबधबा! ह्यांनी आपणहून सांगितलं. मी बैलांचा नैवेद्य वाढत होते, पुरणपोळी हातातच राहिली. लग्न झाल्यापासून ऐकतेय — "रंधा एकदा पाहिला की माणूस बोलायचं विसरतो." हे मास्तरकीच्या ट्रेनिंगला संगमनेरला होते तेव्हा पाहून आलेले. आठ वर्षं झाली त्या बोलण्याला. आठ वर्षांत मी पारनेरचा बाजार पाहिला आणि मूल का होत नाही म्हणून नगरचा दवाखाना पाहिला. बस.

सासूबाई पण येणार आहेत. चातुर्मास चालू, त्यांना कांदा-लसूण चालत नाही, वांगं चालत नाही. त्यांच्या दशम्या वेगळ्या कराव्या लागतील. करीन. म्हणतील तितक्या करीन!

उद्या पहाटे निघायचं, मुक्काम संगमनेरच्या धर्मशाळेत.

२३ ऑगस्ट

आत्ताच घरी आलो. पाय ठणकतायत, तरी लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

राजूर सोडलं आणि एस.टी.त बसल्या बसल्या कानात घूं घूं सुरू झालं. मला वाटलं गाडीच बिघडली. हे हसले. उतरून चिखलातून चालत गेलो — आणि समोर एकदम जमीन संपली! सगळी प्रवरा तांबडी होऊन खाली कोसळत होती. तुषार इतके उडत होते की उभ्या उभ्या पातळ भिजलं. शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येईना. मी रडले. का ते विचारू नये. इतकं पाणी एका जागी असतं हेच मला माहीत नव्हतं. आमच्याकडे दोन हंड्यांवरून बायकांची भांडणं होतात.

तिथं सासूबाईंच्या ओळखीची राजूरची मंडळी आली होती — आक्काबाई, त्यांचे मालक आबासाहेब आणि मुलगी भीमा. पोरगी गोड. अठराची असेल. पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या. हे आणि आबासाहेब पार कठड्याशी जाऊन बोलत बसले. आम्ही बायका देवीच्या देवळात. आणि नवल म्हणजे सासूबाई माझ्याशी इतक्या मायेनं वागल्या! एरवी "ए" म्हणून हाक. काल सारखं "पोरी, इकडं ये", "आमच्या रतनला सवय न्हाई चालायची". मला तर भरून आलं.

देवीची ओटी भरली. मग सासूबाई भीमाकडं बघून म्हणाल्या, "पोरी, आता हिचीबी भर. कुवारणीची ओटी भरली की कूस उजवती." खण, नारळ, तांदूळ सगळं घरून आणलेलं होतं त्यांनी. हिरवा खण, चांगला भारीतला. मी मनापासून भरली. मनात म्हटलं, देवी, एकच दे. भीमा वाकून पाया पडली. "ताई, परत कवा येनार?"

परत कधी जाईन! पण एवढं पुरेल मला.

५ सप्टेंबर

सासूबाई अजून गोड बोलतायत. बहुतेक तब्येत बरी नसावी!

१९ सप्टेंबर

ह्यांची बदली झाली. अकोले तालुका, राजूरच्या बाजूला! दिवाळीच्या सुट्टीनंतर हजर व्हायचं. मी म्हटलं, मी पण येणार. म्हणाले, "आधी मी खोली बघतो, मग तुला नेतो. रोज रंधा दाखवीन." सासूबाई पदरानं तोंड पुसत होत्या. वाटलं, मुलगा लांब जाणार म्हणून.

२ ऑक्टोबर

अक्षर लागलं नाही तरी चालेल, मलाच वाचायचंय.

शेजारच्या राहीबाईची लेक राजूरला दिलीय. ती माहेरी आलीय. दुपारी राहीबाई परसातून आली आणि दार लोटून घेतलं. "रतन, तुझ्या मालकाचं राजूरात ठरलंय. आबासाहेबाच्या भीमाशी. लेक म्हनती, रंध्यावर पोरगी बघितली, आन् नवऱ्याच्या बहिनीनं तिची ओटीबी भरली."

नवऱ्याच्या बहिणीनं! ह्यांना बहीण आहेच कुठं?

मी म्हणजे बहीण. मला नणंद करून नेली होती. सुपारी फुटल्यासारखंच झालं ते, आणि माझ्याच हातून! "पोरी" म्हणाल्या, "आमच्या रतनला" म्हणाल्या, ते लेक वाटावी म्हणून. मी बावळट, विरघळले. रंधाच का, तेही कळलं. सरकारी मास्तर — बायको असताना दुसरी केली तर नोकरी जाते. गावात बघण्याचा कार्यक्रम केला असता तर बोंब झाली असती. तिथं कोण ओळखतंय? आणि त्या आवाजात कठड्यापाशी काय ठरलं ते मला ऐकू येणारच नव्हतं.

आठ वर्षं मी त्या धबधब्याची वाट पाहिली. मला दाखवायला नेलं नव्हतं. माझी गरज होती म्हणून नेलं होतं!

३ ऑक्टोबर

विचारलं. दोघांना समोर बसवून.

सासूबाई उलट माझ्यावरच — "मंग काय करू? माझ्या पोराचं नाव बुडू देऊ? तुला कोन हाकलतंय? खाऊन-पिऊन ऱ्हा." मग आई उठून गेल्यावर ह्यांनी माझा हात धरला. "मी नाही म्हणून कळवतो. आईसाठी नुसता बघायला गेलो. तुझी शपथ."

माझी शपथ. म्हणजे खोटी निघाली तर मरायचं मीच!

तरीही खरं सांगते — विश्वास ठेवावासा वाटला. ते मुळूमुळू रडत होते.

४ ऑक्टोबर

स्वयंपाक केला. सगळे जेवले.

६ ऑक्टोबर

रात्रंदिवस तोच विचार. पण एक धीर आहे. चातुर्मास आहे. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय कुणाचंच लागत नाही. ब्राह्मण मिळायचा नाही, मुहूर्त मिळायचा नाही, आणि कांदा तोंडात न घालणाऱ्या सासूबाई असलं काही होऊ देणार नाहीत. तोवर ह्यांचं मन वळेल. त्या मुलीच्या आईवडलांनाही कळवता येईल. मी काय बोलते, कशी वागते, सगळं नीट करायला हवं. आरडाओरडा करून माणूस हातचा जातो.

१४ ऑक्टोबर

हे संगमनेरला शिक्षकांच्या शिबिराला गेलेत. सासूबाई त्यांच्या भावाकडे गेल्या. घरात मी एकटी. लाडू वळले. ह्यांना बेसनाचे आवडतात. चिडून वळले तरी गोडच झाले मेले.

१७ ऑक्टोबर

दोघं एकाच एस.टी.तून उतरले. म्हणे, स्टँडवर गाठ पडली.

२२ ऑक्टोबर

भाऊबीजेला माहेरी आलेय. रंगनाथला सगळं सांगितलं. माझा पाठचा भाऊ. लहानपणी मला कुणी बोललं तर दगड घेऊन धावायचा. आता ओवाळणी घातली, सुपारी कातरत बसला, आणि म्हणाला, "आक्का, मास्तर मारत न्हाई, पीत न्हाई. दोगी गुन्यागोविंदानं ऱ्हावा. हितं आलीस तर लोकं काय म्हनतील?"

मी त्याच्या पोरांना फराळ वाढला आणि आत जाऊन तोंड धुतलं. नवरा परका निघाला ह्याचं दुःख होतंच. पण रंगनाथ! म्हणजे आता माझं असं कुणीही नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा कुणाकडे तोंड वेंगाडायला जाणार नाही.

२६ ऑक्टोबर

घरी आले. हे खोली बघायला म्हणून राजूरच्या बाजूला कालच गेलेत. "नाही म्हणून कळवलं का?" एवढंच विचारायचं राहिलं. सासूबाई म्हणतात, "आल्यावर इचार."

कशाला? तुळशीचं लग्न चार-पाच दिवसांवर आलं. मीच जाते. आबासाहेबांच्या दारात उभी राहीन आणि सांगेन मी कोण ते. नोकरी जाईल ह्यांची, हे मला कळतं. घर मोडेल. भीती वाटतेय, खूप वाटतेय. पण ती पोरगी माझ्या पाया पडलीय. तिला खड्ड्यात ढकलणारा हात माझा होता असं नको व्हायला. अजून वेळ आहे.

२९ ऑक्टोबर

राजूर. एस.टी. स्टँडच्या बाकावर बसून लिहितेय.

दार भीमानंच उघडलं. मला पाहून कोण आनंद झाला तिला! "ताई! लग्नाला का न्हाई आलात? सासूबाई म्हनल्या, तुमाला ताप हुता. लई घाईत झालं, दिवाळीच्या आधी, देवळातच. हे म्हनले, बदलीमुळं थांबता येत न्हाई." हातात हिरवा चुडा, हळद अजून नखांत. "बसा ना. हे येतीलच आता."

मी बसले. तिनं आणलेलं पाणी प्याले. मग तिला शेजारी बसवलं, तिच्या गळ्यातली कोरी काळी पोत हातात घेतली, माझी पदराबाहेर काढली आणि म्हटलं, "भीमा, ह्या दोन्ही एकाच मानसाच्या नावाच्या हायेत."