विचारलं नाही, कळवलं

१२ मार्च, गुरुवार

दादाचा मेल. इंग्रजीत! अवघड काही सांगायचं असलं की हा भावाचा साहेब होतो. बाबांसाठी त्याच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात खोली मिळाली, रविवारी न्यायला येतो, आणि शेवटी — हे 'फेट अकॉम्प्ली' समज. 'फेट' म्हणजे नशीब, एवढं मला येतं. स्पेलिंग जरा वेगळं दिसलं, पण नशीबच असणार. दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार!

बाबा पलीकडे रेडिओ लावून बसलेत. त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

१३ मार्च

दातांच्या लॅबमधून आल्यावर समोरच्या स्टेनोकाकूंकडे गेले. पस्तीस वर्षं साहेबांची पत्रं टाइप केलीत त्यांनी. तो शब्द कागदावर लिहून दाखवला.

"फेट नाही गं, फे. फ्रेंच आहे. फेताकाँप्ली."

"म्हणजे?"

"होऊन गेलेली गोष्ट. तुला विचारायला नाही आले, कळवायला आलेत." मग चष्मा काढून — "कुणी लिहिलंय?"

चहा अर्धा टाकून उठले.

जिन्यातूनच दादाला फोन लावला. "असं परस्पर कसं ठरवलंस? आई गेल्यापासून अकरा वर्षं मी बघतेय त्यांचं!"

"फॉर्म भरून झालाय. दोनदा पडले ते बाथरूममध्ये. दोन्ही वेळा तू कामावर. पुन्हा पडले तर काय करशील, सांग ना."

नोकरी सोडता येत नाही. दिवसभर कुणी सोबतीला मिळत नाही. रडायला आलं, म्हणून फोन ठेवला. म्हणजे हरलेच.

१४ मार्च

आज कवळी करताना डावीकडच्या दाढा उजवीकडे बसवल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा! सर म्हणाले, "ही कुणाच्या तोंडात जायची?" मेण वितळवलं, दात काढले, पुन्हा लावले. तेवढं तरी हातात आहे.

बाबांना सांगायला दोनदा तोंड उघडलं. एकदा "कडी लावली का?" निघालं. दुसऱ्यांदा नुसता रेडिओचा आवाज कमी केला.

१५ मार्च, रविवार

दादा पोचायच्या आत सांगायलाच हवं, म्हणून मनाचा हिय्या करून खोलीत गेले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पलंगावर बसलेले. पायाशी भरलेली बॅग.

"त्याच्यावर चिडू नकोस. मीच म्हटलं त्याला, तिला विचारू नकोस."

"का पण, बाबा?"

"तू नको म्हणाली असतीस. आणि मी राहिलो असतो."