हौदाच्या पाण्याचा कागद

३ फेब्रुवारी
अर्ज परत. कारण, दीडशे शब्दांपेक्षा जास्त. माहिती अधिकाराचा अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो हे बी.ए.च्या तीन वर्षांत कोणी सांगितलं नाही. मी दोन पानं भरली होती. लोकशाही, नागरिकाचं कर्तव्य, सगळं. ग्रामसेवकांनी पेन्सिलीने एकेका शब्दावर टिंब देत मोजून दाखवलं. इतक्या निष्ठेने काम करताना त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.
"निबंध चांगला आहे ताई. पण हे कार्यालय आहे."

४ फेब्रु.
पुन्हा दिला. लोकशाही काढून टाकली. मागणी एवढीच: दिवाळीनंतर आरोग्य खात्याची बाई हौदाच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेली, त्या तपासणीचा अहवाल. अख्खं गाव ते पाणी पितं, बाजाराची कोथिंबीर, म्हणजे आमचा सांबार, आणि पालक त्यातच धुतं. अहवाल बोर्डावर लागायला हवा होता. बोर्डावर अजून गेल्या वर्षीची पल्स पोलिओची तारीख आहे.
पोच घेतली. शिक्का पुसट. चालेल.

२० फेब्रु.
शेजारच्या कमलकाकूंची वैशाली बाळाला घेऊन माहेरी आली. शाळेत आम्ही एका बाकावर. दूध उतरत नाही, बाळ पावडरच्या दुधावर. मी काकूंना म्हटलं, हौदाचं पाणी बाळाला नका देऊ, तपासणीचं काही कळेपर्यंत. काकू हसल्या. "मी तं पानी अर्धं आटेपर्यंत उकळतो माय. कोनता जंतू जिता राह्यते त्यात?"
बरोबर वाटलं मला.

५ मार्च
बाबा आता बाजारातून येताना गाडीला पाण्याचा कॅन बांधून आणतात. ऊन वाढलं, वहिनीचं बाळ लहान, म्हणाले. आईने कॅन उचलून आत ठेवला. बाबा किती जपतात सगळ्यांना.

१० मार्च
तीस दिवस उलटले. ग्रा.से. म्हणतात, माहिती रजिस्ट्रीने पाठवली. मी म्हटलं, मिळाली नाही. "मंग अपील करा." असं म्हणताना माणूस चहात बिस्कीट बुडवत होता.
धडधडीत खोटं. अपील लिहिलं. यावेळी शब्द मोजूनच.

१७ एप्रिल
तालुक्याला सुनावणी. दोन तास बाकावर, मग चार मिनिटं आत.
ग्रा.से.नी पोस्टाची पोच साहेबांपुढे ठेवली. १ मार्च. खाली सही बाबांची. ओळखणार कशी नाही? बारावीत असताना मीच शिकवली ती, अंगठा लावू नका म्हणून. शेवटचा काना अजून तसाच वाकडा.
साहेब म्हणाले, घरच्या माणसाने घेतलं म्हणजे अर्जदाराला मिळालं. अपील निकाली. प्रत हवी तर नवा अर्ज.
जिन्यात ग्रा.से. जवळ आले. आवाज अगदी मऊ. "मी कायदा मोडला नाही ताई. पोरीची रजिस्ट्री गावात बापाच्याच हाती जाते, हे तुम्हाले नव्हतं माहीत?"

त्याच दिवशी, घरी
बाबा अंगणात सांबाराच्या जुड्या बांधत होते. विचारलं. खोटं बोलले नाहीत, याचाच राग जास्त आला. अहवाल सरपंचाकडून वाचून घेतला म्हणाले. भाजीवाल्या सगळ्या घरांनी बसून ठरवलं, बोर्डावर लावायचा नाही.
"आन् काकूच्या घरच्या बाळाचं काय?"
जुडी बांधणं थांबलं नाही. "वर्ध्याले गिऱ्हाईक आपल्या गावाचं नाव घेऊन सांबार मागते. उद्या म्हणन, इथलं पानीच खराब. मंग तुले कायच्या भरवशावर शिकोलं मी?"
आईने पेटीतून पाकीट आणून दिलं. तिला माहीत होतं. दादाला. वहिनीलासुद्धा, कॅन तिच्यासाठीच तर येतो. मी सहा आठवडे तेच कॅनचं पाणी पिऊन सरकारला शिव्या घालत होते.
कागद एक पानाचा. नायट्रेट जास्त. पिण्यास अयोग्य. लहान बाळांना देऊ नये. उकळून उपयोग नाही, पाणी आटेल तसं प्रमाण वाढतं.
पाणी आटेल तसं.

१८ एप्रिल
गेले नाही. भिंतीपलीकडे वैशाली बाळाशी बोलते ते ऐकू येतं. मी गेले तर बाबांचं नाव निघणार, आणि तेच आधी निघणार. दिवसभर वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. बाबांनी ताटात स्वतःहून वाढलं.

१९ एप्रिल
नाही गेले. डोकं दुखत होतं. दुखत नव्हतं.

२० एप्रिल
सकाळी गेले. काकू चुलीपाशी होत्या, पाण्याचं मोठं पातेलं, आमच्याकडचा गंज, खळखळत होता. वाचून दाखवलं, शब्द न् शब्द. काकूंनी गंज उतरवला, पण ओतला नाही. झाकण ठेवलं. म्हणाल्या, यांना विचारते. काका त्या बैठकीत होते का, हे मला माहीत नाही. विचारलं नाही मी.
वैशालीने एवढंच विचारलं, "तुले कधी भेटला हा कागद?"
"आज," म्हटलं मी. तोंडातून निघालंच.
तिने हात पुढे केला. मी कागद दिला. वर माझं नाव, आमचा पत्ता, पाठवल्याची फेब्रुवारीची तारीख. तिने सगळं वाचलं, सावकाश. मग बाळाला खांद्यावर घेऊन आत गेली. कागद तिच्याकडेच आहे.