बिनविरोध

नाना, या वर्षी मी एक निवडणूक घेतली. लढवली नाही, घेतली. तुम्ही अंबडच्या वाचनालयाची घ्यायचात तशी. अर्ज मागवले, छाननी केली, माघारीची मुदत दिली, मतदान घेतलं, निकाल लावला. त्यातल्या माघारीच्या वेळी माझी जी फजिती झाली ती तुमच्यामुळे झाली, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "गेलेल्या माणसावर ढकलू नको." पण ढकलणार आहे थोडं. तुम्ही ऐकून घ्या.

आधी निवडणूक कसली ते सांगते, नाहीतर तुम्ही मधेच थांबवून विचाराल. तुम्ही गेलात तेव्हा आमच्या बँकेत कॉम्प्युटरसुद्धा आलेला नव्हता. आता माझ्या घरात आहे, आणि टेलिफोनच्या तारेवरून तो जगभरच्या कॉम्प्युटरांना जोडता येतो. तिथं मराठी माणसांनी एक संकेतस्थळ काढलंय. ते वाचनालयच समजा, फक्त त्याला जागा नाही, कपाटं नाहीत आणि झाडायला माणूस लागत नाही. वाचलेल्या पुस्तकांवर लोक लिहितात, दुसरे त्यावर भांडतात. सभासद जालन्याचे आहेत, पुण्याचे आहेत, दुबई-अमेरिकेचे आहेत. बरेचसे टोपणनावानं वावरतात, त्यामुळे ज्याच्याशी वर्षभर वाद घातला तो पुढे तुमच्या शेजारच्या गल्लीतला निघू शकतो. याला मालक कोणी नाही. सभासदच सात जणांचं मंडळ निवडतात आणि ते मंडळ नियम ठरवतं, कुणाचं लिखाण काढायचं, कुणाला समज द्यायची ते बघतं. म्हणजे तुमची कार्यकारिणीच, फक्त एकमेकांची तोंडं न बघता चालणारी. मागे कधीतरी मी तिथं तुमच्यावर लिहिलं होतं, कोर्टातली कारकुनी सांभाळून तुम्ही वाचनालयाच्या निवडणुका कशा घ्यायचात त्याबद्दल. ते लोकांच्या लक्षात राहिलं. यंदा निवडणूक अधिकारी कोण, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझंच नाव घेतलं. बापाच्या पुण्याईवर मुलीला काम मिळालं, दुसरं काय.

मी लिहिलं होतं ते माघारीच्या दिवसाबद्दल. बाजारातल्या त्या कापडदुकानावरची खोली, अरुंद जिना, खाली सतरंजी. तुम्ही सगळ्या उमेदवारांना बोलावून घेता आणि दार लोटून घेता. मी कपाटाशी पुस्तक बघत उभी असते, मला कोणी हटकत नाही. खालच्या हॉटेलातून चहा येतो. तुम्ही कुणालाही माघार घ्या म्हणत नाही, हे तुमचं खास. तुम्ही फक्त विचारता, "बोला, यंदा कोन थांबून राह्यलं?" वकीलसाहेब छताकडे बघतात, अडतवाले बशीत चहा ओतून घेतात. तुम्ही खाली सांगून दुसरा चहा मागवता. मग कुणीतरी घसा साफ करून म्हणतं, "मी थांबतो." हे ऐकलं की लगेच दुसऱ्याला लाज वाटते. तो म्हणतो, "न्हाई न्हाई, तुम्ही कशाला, मीच थांबतो." तिसराही पुढे सरसावतो. तेव्हा तुम्ही हात वर करता. "बसा. यांचं घेतलं. तुमचं नाव बराबर हाय, राहू द्या." जागा आणि नावं जुळली की तुम्ही उठून फळ्यावर खडूनं लिहिता: बिनविरोध. तुमच्या हातून झालेली एकही निवडणूक मतदानापर्यंत गेली नाही, याचा तुम्हाला कोण अभिमान. मलाही होता. तो मी तिथं भरभरून लिहिला होता.

आणि तोच अभिमान मी निवडणुकीच्या सूचनेत घातला. सात जागांना दहा अर्ज आले होते. माघारीची मुदत जाहीर करताना मी लिहिलं, शक्यतो निवडणूक बिनविरोध व्हावी, तीच आपली रीत आहे. झालं. बँकेतून घरी येऊन कॉम्प्युटर लावला तर पहिलं पत्र आलेलं: "ताई, मी थांबतो, नव्या लोकांना संधी मिळू दे." मला भरून आलं. दुसरं पत्र: "ताई, माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत, मी थांबतो." तिसरंही आलं आणि मी मनातल्या मनात खडू हातात घेतला. तेवढ्यात चौथं आलं. मग पाचवं, सहावं. प्रत्येकजण माझ्या एकटीच्या पत्त्यावर मोठ्या मनानं माघार घेत होता आणि दुसऱ्यानं घेतलेली कुणालाच दिसत नव्हती. जागा सात आणि उमेदवार उरले चार. इतकी सज्जन माणसं एका दिवसात मी कधी पाहिली नव्हती. अमेरिकेतल्या एका सभासदानं हे कळल्यावर लिहिलं, की ही निवडणूक आहे की लग्नातली पंगत? आधी तुम्ही बसा, आधी तुम्ही बसा, आणि भात गार.

त्या दिवशी मला कळलं की तुमचं कसब माघार घ्यायला लावण्यात नव्हतंच, ते जास्तीची माघार अडवण्यात होतं. आणि त्याला सतरंजी लागते, समोर बसलेली माणसं लागतात, ती एकमेकांना दिसावी लागतात. मी तुमचं वाक्य उचललं आणि खोली विसरले. मी सगळ्यांसमोर लिहिलं की चूक माझी आहे. मुदत वाढवून घेतली, बिनविरोधचं वाक्य काढून टाकलं आणि सांगितलं की आता ज्याला थांबायचं त्यानं सगळ्यांना दिसेल असं लिहून थांबावं. सहापैकी पाच जण हसत हसत परत आले. एक आली नाही. घनसावंगीची एक शिक्षिका, आमच्याकडे नवी, पण लिहायची असं की दोनदा वाचावं. तिचं पत्र मी पुन्हा काढून बघितलं. "मोठ्या माणसांत मी कशाला, मी थांबते," एवढंच होतं.

नऊ उमेदवार झाले होते, म्हणजे काम अडलेलं नव्हतं. जुन्या मंडळातल्या एका ज्येष्ठांचा पुण्याहून फोन आला. म्हणाले, "ताई, ती नाही म्हणते तर नाही. राहिलेल्यांपैकी दोघांशी तुम्ही गोड बोला, तुमचे वडील बोलायचे तसं. अजूनही बिनविरोध होईल. भांडणं टळतील." खोटं सांगत नाही नाना, मोह झाला. मतदान म्हटलं की दोन दोन नावांनी शिरलेले सभासद शोधा, हरलेल्यांचे रुसवे काढा, हे सगळं मला दिसत होतं. मी म्हटलं, उद्या सांगते.

आई मेथी निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती अजूनही मुळापासूनच ऐकते, मधे सोडलेलं तिला चालत नाही. ऐकून म्हणाली, "ती मास्तरीण का थांबली?" मी म्हटलं, मोठ्या माणसांत कशाला म्हणून. आई म्हणाली, "हे तिचं बोलणं न्हाई. कोन्ही तरी म्हणलं असंल तिला." आणि पुढची जुडी ओढली.

नाना, मी आठवीत होते त्या वर्षी आईनं वाचनालयाचा अर्ज भरला होता. तिला दुपारची एक वेळ बायकांसाठी हवी होती. बायका पुस्तकं वाचत होत्या, पण नवऱ्यानं आणलेली, दिरानं आणलेली. कपाटासमोर उभं राहून आपल्या हातानं निवडावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. वाचनालयाची ती वर्गणीदार सभासद होतीच, अर्ज कायद्यानं ठीक होता. सूचक म्हणून डॉक्टरीणबाईंची सही होती. माघारीच्या दिवशी सकाळी ती भाकरी थापतेय, मी चुलीपाशी दप्तर आवरतेय, आणि तुम्ही दारात उभे आहात. कोर्टात जायचे कपडे घातलेले. तुम्ही म्हणता, "तुझा अर्ज काढून घेऊन राह्यलो. निवडणूक मी घेतो अन् बायको उभी, हे दिसायला बरं न्हाई." आवाज चढलेला नाही. आई भाकरी तव्यावर टाकते, वरून पाणी फिरवते. म्हणते, "बरं." तुम्ही कागद पुढे करता, ती हात पुसून सही करते. त्या संध्याकाळी फळ्यावर बिनविरोध लिहिलं गेलं. पुस्तकं पुढेही तुम्हीच आणत राहिलात, आणि चांगली आणायचात, ते मी नाकारत नाही.

तुमचं म्हणणं चूक नव्हतं. माझ्या बँकेतही असंच म्हणतील. पण तुम्ही निवडणूक घेणं सोडलं असतं तरी ते दिसायला बरं दिसलं असतं. खडू दुसऱ्या कुणाच्या हातात गेला असता. हे तुमच्या मनात आलंच नाही, याचा मला राग आहे. इतक्या वर्षांत मी तो काढला नव्हता, कारण मला तो आहे हेच माहीत नव्हतं.

मेथी निवडून झाल्यावर मी आईला विचारलं, "तुला तेव्हा वाईट वाटलं होतं?" मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे आता. ती म्हणाली, "वर वाचनालयात सगळ्यांना ते विचारायचे, कोन थांबतंय म्हणून. चहा पाजून विचारायचे. मला विचारलं न्हाई. सांगितलं." मग काड्या गोळा केल्या आणि टाकायला गेली.

मी घनसावंगीला फोन लावला. निवडणूक अधिकाऱ्यानं उमेदवाराला फोन करू नये, हे मला पाठ आहे, तुम्हीच शिकवलंय. तिला म्हटलं, तुमची माघार तुमचीच आहे ना, एवढंच विचारायचं होतं. ती म्हणाली, एका जुन्या सभासदाचं पत्र आलं होतं, फार प्रेमानं लिहिलेलं, की तुम्ही अजून नवीन आहात, पुढच्या खेपेला बघू. "मॅडम, मी उभी राहिले तर पडणार."

"पडाल कदाचित," मी म्हटलं.

"मंग?"

"मंग किती जणांना तुम्ही हव्या होत्या ते तरी कळेल."

ती म्हणाली, "तुम्ही अधिकारी असून असं बोलून राह्यल्या?" मी म्हटलं, हो, चुकतंय माझं, कुणी विचारलं तर सांगेनही. ती हसली. तिनं माघार परत घेतली, आणि मी पुण्याला फोन करून सांगितलं की मी कुणाशीही गोड बोलणार नाही, मतदान होईल.

मतदान झालं. दोन दोन नावांचे काही सभासद सापडले, त्यावर यथेच्छ भांडण झालं. तुमच्या खोलीत झालं असतं तर वकीलसाहेबांनी सभात्याग केला असता. निकाल लागला आणि घनसावंगीची पडली. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर लिहिलं की मला मत देणाऱ्यांचे आभार, तुम्ही मला वाटलं त्यापेक्षा बरेच जास्त निघालात. मला फोन करून म्हणाली, "मॅडम, एवढे लोक मला आमच्या गावात ओळखत न्हाईत." आवाजावरून ती जिंकलीय असंच कुणालाही वाटलं असतं. मी आईला सांगितलं तेव्हा आई पुन्हा पुन्हा विचारत राहिली, किती मतं पडली म्हणालीस, किती? आकडा ऐकून तिनं मान डोलावली, आणि मला अचानक फार वाईट वाटलं. तिला आपला आकडा कधी कळला नाही.

डॉक्टरीणबाईंचं मत तिला होतंच. आणखी काही जणांचं असेल. तुम्हीही सभासद होतात, तुम्हालाही मत होतं. त्या वर्षी मतदान झालं असतं तर तुम्ही ते आईला दिलं असतं का, एवढंच मला विचारायचं आहे, आणि त्यासाठी हे इतकं लांबण लावलं. आईला विचारता येईल, ती पलीकडच्या खोलीत वाचत पडली आहे आणि तिला उत्तर नक्की माहीत आहे. ती सांगेल याची मला भीती वाटते, नाना. म्हणून तुम्हाला विचारते आहे.