सायकलचा रंग

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल टीव्हीवर ओलीस धरलेल्यांची बातमी पाहिली असशील. त्या औषधाच्या दुकानात मीही होते. घाबरू नकोस, धडधाकट आहे. आज सलूनसुद्धा उघडलं.

खोकल्याचं औषध घ्यायला गेले, तर एका माणसानं आतून शटर ओढलं आणि पिस्तूल काढलं. आम्हाला भिंतीकडे तोंड करून एकामागे एक बसवलं. म्हणाला, आयुष्यभर सगळे माझ्याशी खोटं बोलले, आज मी खरं ऐकणार. प्रत्येकानं आपला कामधंदा सांगायचा आणि मग कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट. पटली तर सुटका. एक बाई म्हणाली, शेजारणीचं मांजर मीच लांब सोडून आले. त्यानं तिला असं झापलं की मला भीतीतही हसू आलं. मग मी बोलले. माझ्यानंतर माझ्या पुढ्यात बसलेला माणूस बोलला. त्याचं ऐकून पिस्तूलवाल्यानं त्याला लगेच सोडलं. आम्हाला पोलिसांनी सोडवलं.

कोण काय बोललं ते विचारू नकोस. आतलं आतच ठेवायचं, असं बाहेर आल्यावर आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, आधी सुटलेल्या त्या माणसानंसुद्धा. तुझ्या चिऊच्या लग्नाची तयारी कुठवर आली? लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

एवढं रामायण घडलं आणि तू दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन उभी! तुझ्यापुढे हात टेकले.

अगं, पहिला सुटलेला तो माणूस म्हणजे आपल्या चिऊचा होणारा नवरा! कामासाठी तुमच्या गावी आला होता. पिस्तूलवाल्याला गोड बोलून वळवलं, म्हणतो. मावशीही तिथेच होती, असं चिऊनं सांगितल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला.

काल मला एकटीला गाठून म्हणाला, घरचा म्हणून सांगतो, सलूनवाल्या बाईंनी तिथे कबूल केलं की आजारी नवऱ्याचं औषध त्यांनीच बंद केलं होतं. त्या काही बोलल्या तर फार मनावर घेऊ नका, असंही म्हणाला. माझी झोप उडालीय. खरं काय ते लिही. तू माझी बहीण आहेस, जे असेल ते आपण निस्तरू.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग संतापले. ती गोष्ट मी रचली होती. सुटायचं होतं आणि मांजरावर भागत नव्हतं! हे गेले त्या दिवशी यांची शेवटची गोळी तू भरवलीस, पाण्याचा पेला माझ्या हातात होता. विसरलीस?

आता त्यानंच शब्द मोडला, तर मीही लिहिते. तो तिथे म्हणाला, गाडीनं एका सायकलवाल्याला उडवलं आणि न थांबता निघून गेलो. माणूस मेल्याचं नंतर कळलं. तोही म्हणेल, सुटण्यासाठी रचलं. मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू? पण लोकांच्या मानांवर माझं पोट चालतं, ताई. बोलताना त्याच्या मानेवर सरसरून काटा आला होता.

तरी माझ्या सांगण्यावर लग्न मोडू नकोस. आपली चूक झाली तर पोरीचं आयुष्य नासेल. खरं का खोटं, असंही विचारू नकोस. चिऊसमोर, इकडचं तिकडचं बोलता बोलता एवढंच विचार, सायकल कोणत्या रंगाची होती? रचलेलं असेल तर तो विचारेल, कुठली सायकल?

माझ्यावर रागावली नसशील तर माया कर.

तुझी,
धाकटी

२२ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्यावर शंका घेतली, त्याची मलाच लाज वाटते.

काल तो आला होता. लग्नपत्रिकेचा मजकूर तपासत बसला, चिऊ शेजारी होती; तुझं पत्र मी तिला आदल्या रात्रीच दाखवलं होतं. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. तू सांगितलंस तसंच विचारलं.

मान वर न करता तो म्हणाला, निळी.

मग त्यानं मान वर केली. कोण होता तो माणूस, असं चिऊनं विचारलं. ते त्याला ठाऊक नव्हतं. तिनं त्याच्या हातातली पत्रिका काढून घेतली आणि दार उघडून उभी राहिली.

आता पोलिसांकडे जायचं म्हणतेय. मी तिच्याबरोबर जाणार आहे. सलून चार दिवस बंद ठेव आणि निघून ये. तू जवळ हवीस.

तुझी,
ताई