पिकअपच्या पन्हळी

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. बाबांची पिकअप आठ दिवसांसाठी माझ्या गॅरेजवर पाठव. छपराच्या कडेच्या पन्हळी मी परत बसवून देतो. हो, एकोणीस वर्षांचा असताना मीच कापून टाकल्या होत्या त्या. तेव्हा गुळगुळीत छपराचं वेड होतं आणि बाबा दोन दिवस बाहेरगावी गेले होते, एवढंच कारण. वीस वर्षं तू त्यावरून टोमणे मारलेस, आता हा विषय मिटवू या.

हल्ली माझ्याकडे जुन्या गाड्याच जास्त येतात. लोक लांबून बघायला येतात, फोटो काढतात. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं की तुमच्या स्वतःच्या घरची जुनी गाडी कुठली. मला काही सांगताच येईना. फार ओशाळलो.

त्या कापलेल्या पन्हळी बाबांनी तुझ्या लाँड्रीच्या मागच्या दारावर ठोकल्या होत्या, अजून आहेत ना? त्याही उतरवून पाठव. जशाच्या तशा लागणार नाहीत, पण नमुना म्हणून हव्यात.

हिचा तुला नमस्कार. तुझा लोभ आहे तसा, टोमण्यांसकट चालू दे.

तुझा
खटपट्या


दि. ९ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, मग पाकिटावरचं अक्षर पुन्हा पाहिलं, खरंच तुझंच ना म्हणून. बरं वाटलं रे. उशिरा का होईना, सुचलं.

तुला ठाऊक नाही म्हणून लिहिते. पाऊस थांबला तरी छपरावर पाणी साठून असतं. दार उघडलं की ते सीटवर येतं, नाहीतर आपल्या मानेवर. म्हणून दार उघडायचं, मागे सरायचं, तीन आकडे मोजायचे आणि मग चढायचं. ही बाबांची सवय, ती मला लागली. गेल्या वर्षी दवाखान्याच्या मेट्रनबाई मला त्यांच्या नव्याकोऱ्या गाडीतून घरी सोडणार होत्या, तर मी दार उघडून पावसात उभीच. त्यांना वाटलं मला यायचंच नाही. आम्ही दोघी खूप हसलो. चालू गाडीत काच जरा खाली केली की दाराकडच्या खांद्यावर धार लागते ती वेगळीच. बाबांचा तो खांदा शेवटी शेवटी वर होत नव्हता. माझाही आता कुरकुरतो, दोरीवर चादर टाकायला मी स्टूल घेते.

बाबा बाहेरगावाहून आले तो दिवस मला लख्ख आठवतो. गाडीभोवती एक फेरी मारली आणि एवढंच विचारलं की आता पाणी जाणार कुठे. तू मान खाली घालून घरात गेलास. त्यावरून ते तुला पुढे एका शब्दाने बोलले नाहीत. माझ्या हातून गिऱ्हाइकाच्या सदऱ्याचं बटण तुटलं तर मात्र दिवसभर ऐकून घ्यावं लागायचं. लाडोबा होतास तू.

शनिवारी शेजारचा ड्रायव्हर गाडी आणून देईल. एक किल्ली त्याच्याकडे देते, दुसरी बाबांच्या जुडग्यात माझ्याकडे राहू दे. पन्हळी मी आज सकाळी स्वतः उतरवल्या, मागचं दार अगदी बोडकं दिसतंय. तेवढे दिवस दवाखान्याच्या चादरी भाड्याच्या टेम्पोने पोचवीन. पण आठ म्हणजे आठच दिवस हं. आणि बाबांनी गाडीचे कागद माझ्या नावावर केलेत हे ध्यानात ठेव, नाहीतर भलताच रंग फासून मोकळा होशील.

वहिनीला म्हणावं, याला वेळेवर जेवायला घालत जा, म्हणजे असे चांगले विचार सुचतात. माया आहेच, ती काही पत्राने मागावी लागत नाही.

तुझी
ताई


दि. २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस, काम वाढलं. छप्पर आणि बाजूचा पत्रा त्या पन्हळीतच वेल्डिंगचे टाके मारून जोडलेले असतात. मी पन्हळ कापली तेव्हा ते टाकेही गेले, आणि त्या वयात मी नुसती पुट्टी भरून वरून रंग मारला होता. आता खरवडलं तर आत बोट जाईल एवढी फट आणि सगळा गंज. वीस वर्षं ते छप्पर पुट्टीच्या भरवशावर कसं राहिलं, कोण जाणे. कारागिरांसमोर माझी मलाच लाज वाटली.

गंजका पत्रा कापून नवा जोडलाय. जुन्या तुकड्यांवरून बेतून नव्या पन्हळी वाकवल्या आणि जवळजवळ टाके मारून बसवल्या. सांध्यात पाणी अडवणारं लुकण भरलंय, ते नीट वाळू द्यावं लागतं, नाहीतर पुन्हा पहिले पाढे. मग रंग, बाबांच्या वेळचाच, फिकट हिरवा. अजून पंधरा दिवस धर.

खांद्याला शेक देत जा. आमच्यावरची मर्जी तेवढी वाळू देऊ नकोस.

तुझा
खटपट्या


दि. २० एप्रिल

चि. खटपट्यास,
आशीर्वाद.

तुझे पंधरा दिवस परवाच संपले. लुकण वाळतंय की बी पेरून झाडाची वाट बघतोयस?

थट्टा पुरे. टेम्पोवाला त्याच्या सवडीने येतो. मागच्या आठवड्यात तो दुपारी उगवला आणि तोवर दवाखान्यात पलंगांवर घालायला चादरी नव्हत्या. मेट्रनबाई भल्या, पण त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं. त्यांनी निम्मं काम दुसऱ्या लाँड्रीला दिलं. महिनाभरात मी वेळेवर येऊ लागले नाही तर उरलेलंही जाईल असं त्यांनी मला शांतपणे सांगितलं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ती पिकअप आहे म्हणून माझी लाँड्री आहे, हे तुला वेगळं सांगायला हवं का?

मागच्या दाराची तर कथाच झालीय. पन्हळी गेल्यापासून वळवाचं पाणी उंबऱ्यावरून आत येतं. काल इस्त्री केलेल्या उशांच्या खोळींचा खालचा थर भिजला, पुन्हा धुतल्या. म्हणजे आता पन्हळ गाडीलाही नाही आणि दारालाही नाही, सगळी तुझ्याकडे.

गाडी कधी मिळेल ती तारीख लिही, बाकी काही लिहू नकोस. लोभाचं आपण गाडी आल्यावर बघू.

तुझी
ताई


दि. १२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एक आनंदाची बातमी द्यायची होती, म्हणून इतके दिवस मुद्दाम गप्प होतो. गॅरेजच्या दर्शनी बाजूला मी मोठं दालन बांधलंय, समोर पूर्ण काच. २० तारखेला त्याचं उद्घाटन. आणि मधोमध कोण उभी असेल? बाबांची पिकअप! महिना होत आला तयार होऊन. तू ओळखणार नाहीस इतकी देखणी झालीय. शेजारी काचेच्या पेटीत ते जुने पन्हळीचे तुकडे ठेवलेत आणि भिंतीवर पाटी आहे: वडिलांची गाडी, मुलाने पुन्हा होती तशी केली. वाचताना माझेच डोळे भरून येतात.

तू आधी चिडशील, मला माहीत आहे. पण शांतपणे विचार कर. तुझ्याकडे चादरींच्या ओझ्याखाली ती दोन-चार वर्षांत भंगारात गेली असती. इथे तिच्यावर पावसाचा थेंबही पडणार नाही. तुझ्यासाठी मी दुसरी चांगली वापरलेली गाडी बघतोय, जरा सवड मिळू दे. बाबांच्या नावाला साजेसं काहीतरी आपल्या हातून होतंय, याचा तुलाही अभिमान वाटेल.

येताना गाडीचे कागद घेऊन ये, एक सही लागेल. चांगली साडी नेस, फोटो आहेत. तुझा हात डोक्यावर असाच राहू दे.

तुझा
खटपट्या


दि. २१ मे

चि. खटपट्यास,

तुझ्या उद्घाटनाला मी आले नाही, आदल्या दिवशी दुपारी येऊन गेले. तू आमंत्रणं द्यायला बाहेर गेला होतास. वहिनीला बोल लावू नकोस. बाबांच्या जुडग्यातली किल्ली माझी होती, तिने फक्त शटर वर धरलं. पाटी आणि पेटी जागच्या जागी ठेवली आहे. काल पाहुण्यांनी काय पाहिलं असेल ते तुझं तुला माहीत.

घाट उतरताना वळवाचा पाऊस लागला, चांगला झोडपणारा. मी मुद्दाम काच चार बोटं खाली केली. एक थेंब आत आला नाही. पाणी पन्हळीतून मागे जाऊन गाडीच्या शेपटाकडे पडत होतं, मी आरशात बघत होते. काम तू चोख केलंस, तोंडदेखलं म्हणत नाही. आणि म्हणूनच मी गाडी कडेला घेतली आणि रडले.

म्हणजे तुला हे येत होतं. एवढंसं काम होतं हे, टाके आणि लुकण. तुझ्या गॅरेजला बारा वर्षं झाली, त्यातली आठ बाबा होते. पहिल्या दिवशी ते याच गाडीने आले होते तुझ्याकडे, खांदा भिजवून. तू धावत जाऊन त्यांना टॉवेल दिलास. मला तेव्हा तुझं केवढं कौतुक वाटलं होतं! पाणी जाणार कुठे, असं त्यांनी तुला विचारलं होतं ना? आधी त्यांच्या अंगावर गेलं, मग माझ्या. तेव्हा तुला पन्हळी आठवल्या नाहीत. एका परक्या गिऱ्हाइकाने विचारलं तेव्हा आठवल्या, आणि त्या तू बसवल्यास कुठे, तर जिथे पाऊसच पडत नाही तिथे.

गाडी आता चादरी वाहील आणि वाहता वाहता भंगारात जाईल. बाबांनी ती त्याचसाठी घेतली होती. दुसरी बघू नकोस. महिन्याची मुदत संपली, तरी सोमवारी मी दवाखान्यात जाऊन मेट्रनबाईंचे पाय धरणार आहे, उरलेलं काम तरी हाती राहू दे. मागच्या दाराला मी इथल्या पत्रेवाल्याकडून नवी पन्हळ लावून घेतली, त्याला अर्धा तास लागला.

ते जुने तुकडे परत नकोत. पेटीतच असू देत. पाटीवर मुलाने काय जोडलं ते लिहिलंयस, तर त्या पेटीवर ते कोणी कापले तेही लिही.

घरी पोचले तेव्हा पाऊस चालूच होता. सीटवरची माझी पिशवी काढायला मी बाहेरून दार उघडलं, मागे सरले आणि तीन मोजले. छपरावरून काहीच पडलं नाही. मी मात्र तेवढ्यात पुरती भिजले.

लोभ ठेव, असं आज लिहवत नाही.

ताई