नाकारता येत नाही

लेक सुपीरियरचा काठ,
नोव्हेंबरचा पहिला आठवडा

आदरणीय एल्मी आत्या यांस,

तबिथाकडून देवाची शांती. इकडे मी धडधाकट आहे. तिकडे तुम्ही, सायलसदादा आणि त्याच्या घरची सगळी मंडळी बरी असाल अशी आशा करते (‘खात्री आहे’ असं लिहिणार होते, पण खात्री करून घेतल्याशिवाय तो शब्द वापरू नये हे तुम्हीच शिकवलंत). कोंबड्या या थंडीत अंडी देतात का? विहिरीचा पंप सुधारला का? नवे पाळक अजूनही प्रार्थनेच्या ऐन मध्यावर शिंकतात का? सविस्तर लिहा. ‘इकडे सगळं ठीक’ या तीन शब्दांवर कृपा करून पत्र संपवू नका. माझ्या रिपोर्टांबद्दल लोकांची तक्रार याच्या अगदी उलट आहे आणि आपल्या दोघींची सरासरी काढली तर एक चांगला रेडिओलॉजिस्ट तयार होईल, असं मला हल्ली वाटू लागलंय.

आता जे सांगणार आहे ते बसून वाचा. शनिवारी संध्याकाळी मी हॅलोविनच्या कामात भाग घेतला. लगेच पत्र चुलीत टाकू नका. आपल्या घरी त्या संध्याकाळी पडदे ओढून, दिवा बारीक करून आम्ही सगळी भावंडं तुमच्याभोवती बसून स्तोत्रं म्हणायचो आणि दारावर थाप पडली की तुम्ही आवाज चढवायचात, हे मी विसरलेले नाही. पण इथल्या हॉस्पिटलात वर्षानुवर्षांचा रिवाज आहे. गोळ्या-चॉकलेटांत कुणी सुया घालतं अशी अफवा कधीतरी उठली होती, तेव्हापासून मुलं भुताखेतांचे वेष घालून दारोदार खाऊ गोळा करून झाला की आमच्या एक्स-रे खात्याबाहेर पिशव्या घेऊन रांग लावतात. पिशवीचा फुकट एक्स-रे काढून, ‘ठीक’ असा चिकटपट्टीचा शिक्का मारून परत द्यायची. आजवर एकाही पिशवीत काही सापडलेलं नाही. लोक येतात ते बाहेर गरम कोको मिळतो म्हणून, आणि बर्फात फिरून गारठलेली पोरं जरा शेकावीत म्हणून. (इथे ऑक्टोबरातच बर्फ असतो, त्यामुळे वेष थंडीच्या जाडजूड कपड्यांवरून चढवतात. राजकन्या, भूत, मधमाशी, सगळ्यांचा घेर सारखाच.)

हे सोपं काम माझ्याकडे मुद्दाम दिलं होतं, आणि त्याचं कारण लिहायला मला लाज वाटते. नाताळापर्यंत मला पारखून मग इथे कायम ठेवायचं की नाही ते आमच्या मुख्य डॉक्टर आयरीन रौतिओ ठरवणार आहेत. माझी नजर चांगली आहे असं त्या म्हणतात. त्याचं श्रेय तुमचं. स्वयंपाकघरात मेणबत्तीसमोर अंडं धरून आत काय आहे ते ओळखायला तुम्ही मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलंत. ‘काय दिसलं ते सांग, काय वाटलं ते सांगू नको, नाहीतर ती खोटी साक्ष होईल’ हा पहिला धडा. मी तो इतका मनावर घेतला की चांगली अंडी एका टोपलीत, वाईट दुसऱ्या टोपलीत, आणि जी नक्की सांगता येत नाहीत त्यांच्यासाठी मी स्वतःच्या बुद्धीने एक तिसरी टोपली ठेवली होती, आठवतंय? शेवटी सगळी अंडी तिसरीतच जमायला लागली आणि तुम्ही ती टोपली मांजरीला दिलीत.

रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टात दोन भाग असतात. आधी काय दिसलं, मग शेवटी निष्कर्ष. माझा पहिला भाग उत्तम असतो. दुसऱ्या भागात मी तिसरी टोपली मांडते. पहिल्याच आठवड्यात एका लाकूडतोड्याने स्वतःच्या अंगठ्यावर हातोडा मारून घेतला. मी दीड पान लिहिलं. खालून अपघात विभागाच्या डॉक्टरांचा फोन आला, ‘बाई, अंगठा मोडलाय की नाही?’ मी म्हटलं, ‘मोडला असल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ ते म्हणाले, ‘ती मलाही नाकारता येत नव्हती, म्हणून तर फोटो काढला!’ रौतिओबाईंनी दुरून एकदा पाहिलं आणि लिहिलं, ‘मोडलाय. बांधा.’ त्यांचे सगळे रिपोर्ट असेच. आणि एखादा चुकला तर? मी विचारलं होतं. एकदा चुकला होता. तेव्हा त्या बर्फातून गाडी चालवत त्या माणसाच्या घरी गेल्या, त्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून ‘चूक माझी’ म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकेच छोटे रिपोर्ट लिहायला बसल्या. मला हे ऐकूनच झोप लागली नाही.

या बाईंबद्दल तुम्हाला आणखी सांगायलाच हवं. इतकी वर्षं गावात काढून त्यांना गावातली माणसं चेहऱ्याने ओळखता येत नाहीत, कारण आयुष्य अंधाऱ्या खोलीत लोकांच्या आत बघण्यात गेलं. परवा दुकानात एका म्हाताऱ्याने मोठ्या प्रेमाने हात हलवला. या कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिल्या. त्याने नाव सांगितल्याबरोबर यांचा चेहरा असा फुलला, ‘अरे, तू होय! काय सुंदर जुळलीय रे तुझी बरगडी!’ तो बिचारा लाजला. (त्याच्या बायकोला मात्र ते आवडलं नाही, असं दिसलं. वाटलं नाही, दिसलं.)

तर शनिवार. फोटो काढायला ड्वेन होता, आमचा तंत्रज्ञ. त्याने पिशवी प्लास्टिकच्या पेटीत ठेवायची, फोटो पडद्यावर यायचा, मी नुसती मान डोलवायची. पण नुसती मान कशी डोलवणार? मी प्रत्येक पिशवीचा रिपोर्ट लिहायला घेतला. कागदातल्या गोळ्या अमुक, शेंगदाण्याच्या वड्या तमुक, एका मनुक्याभोवती हवेची पोकळी, महत्त्व अनिश्चित. रांग दारापर्यंत गेली. ड्वेन म्हणाला, ‘डॉक्टर, ही पिशवी आहे, पेशंट नाही. हिला श्वास रोखून धरायला सांगू का?’ मी विचार करून ‘नको’ म्हटलं, तेव्हा त्याने छताकडे पाहिलं.

आणि मग एका छोट्या मधमाशीच्या पिशवीत ते दिसलं. हिल्डा तेर्वो म्हणून एक विधवा बाई आहेत, टेकडीवरच्या पिवळ्या घरात एकट्या राहतात. त्या दरवर्षी काकवीत बांधलेले मक्याच्या लाह्यांचे लाडू वाटतात. गावात घरचं केलेलं देणाऱ्या त्या एकट्याच उरल्यात. बाकी सगळे अफवेपायी दुकानातलं बंद पाकीट देतात. त्यांच्या लाडवावर मात्र अजून कुणी शंका घेतली नव्हती. त्याच लाडवाच्या पोटात एक पांढरीशुभ्र, झगझगीत, छोटी आडवी रेघ. धातू. मी काटेकोर लिहिलं: ‘लाडवात धातूची वस्तू. सुई असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पात्याचा तुकडा नाकारता येत नाही. बंदुकीचा छर्रा नाकारता येत नाही.’

आत्या, डॉक्टर लोक हे वाक्य वाचतात तेव्हा त्यांना त्यातून काहीच कळत नाही, आणि त्यांना त्याची सवय आहे. पण त्या संध्याकाळी बंदोबस्ताला केनी हौताला नावाचा पोलीस होता. तो कोकोचा पेला घेऊन माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याने तीनच शब्द वाचले. सुई, पातं, बंदूक. ‘तेर्वोबाईंच्या लाडवात?’ असं म्हणून त्याने पेला ठेवला आणि टोपी घातली. मी म्हणत होते की तसं नाही, नाकारता येत नाही एवढंच. तो म्हणाला, ‘तेच तर! तुम्हालाही नाकारता येत नाही!’ मधमाशीच्या आईने ऐकलं. रांगेने आईचं ऐकलं. बघता बघता सगळ्या पिशव्यांतले लाडू कचऱ्याच्या पिंपात धडाधड पडायला लागले आणि एक आजोबा म्हणाले, ‘एकटी राहते ना, डोक्यावर परिणाम होतोच.’ मी ते ऐकलं. कुणाबद्दल खोटं बोलायचं नाही म्हणून मी जन्मभर जपत आले, आणि एकही खोटं वाक्य न लिहिता मी एका बाईला गावातून उठवत होते.

ड्वेनने रौतिओबाईंना फोन केला. शनिवार म्हणजे त्यांच्या सौनाचा, वाफेच्या स्नानाचा दिवस. त्या तशाच आल्या, डोक्याला टॉवेल, अंगावर कोट, आणि बर्फातून चालताना अंगातून वाफा निघत होत्या. (ती मधमाशी त्यांना बघून आईच्या मागे लपली. संध्याकाळभर तिला कुठल्याच भुताची भीती वाटली नव्हती.) त्यांनी केनीला दाराबाहेर उभं केलं, दार लावलं आणि मला विचारलं, ‘हे काय आहे?’

‘जे दिसलं ते मी लिहिलंय.’

‘ते वाचलं मी. हे आहे काय, ते विचारतेय.’

‘सुई असण्याची शक्यता...’

‘पोरी, तो बाहेर टोपी घालून उभा आहे. त्याला तुझ्या शक्यता कळत नाहीत. किती बाजूंनी पाहिलंस?’

मी जमिनीकडे पाहिलं. एकाच. एका बाजूने पाहिलं म्हणजे पाहिलंच नाही, हे आमच्याकडे पहिल्या महिन्यात शिकवतात. आडवी रेघ ही सुई असेल, किंवा कडेने पाहिलेलं नाणं असेल, किंवा बशी. तीन ओळींच्या शंका लिहिण्याच्या घाईत मी लाडू फिरवून बघायलाच विसरले होते. ड्वेनने लाडू उभा केला. दुसरा फोटो आला. रेघेची झाली एक बुटकी, पोकळ वाटी, काठ किंचित नागमोडी.

रौतिओबाई खुर्चीत मागे टेकून केस पुसत बसल्या. त्यांनी ते केव्हाच ओळखलं होतं, हे मला दिसत होतं, आणि त्या सांगणार नव्हत्या हेही दिसत होतं. मी म्हटलं, ‘दाताची कॅप आहे.’

‘नाकारता येत नाही?’

‘नाही. म्हणजे हो. म्हणजे दाढेची कॅप आहे. दुसरं काही नाही.’

‘हं,’ त्या म्हणाल्या. ‘हिल्डाची. खालची, उजवीकडची, शेवटून दुसरी. मागच्या हिवाळ्यात बर्फावर पडली तेव्हा जबड्याचा फोटो काढला होता.’ आणि फोन उचलून, ‘हिल्डा, आयरीन बोलतेय. तुझा एखादा दात हरवलाय का?’ पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, ‘पाक चाखताना गिळला बाई! गुरुवारपासून शोधतेय. कुठे शोधतेय ते विचारू नकोस!’

आता बाहेर जाऊन कोण सांगणार? रौतिओबाईंनी माझ्याकडे बघितलं. रिपोर्ट माझा होता. मी कोकोच्या टेबलाशेजारी उभी राहिले (पाय कापत होते. हे दिसलंही आणि वाटलंही) आणि म्हटलं, ‘लाडवात सुई नाही, पातं नाही, काही वाईट नाही. तेर्वोबाईंनी काही केलेलं नाही. चूक माझ्या लिहिण्यात होती.’ केनीने विचारलं, ‘मग होतं काय?’ मी म्हटलं, ‘ते तुला सांगणार नाही.’ कारण दात हा पेशंटचा खासगी मामला. त्याने टोपी काढली. ‘असं सरळ बोलता येतं तर तुम्हाला,’ तो म्हणाला. आणि लोकांना विश्वास वाटावा म्हणून, आत्या, मी सगळ्यांसमोर एक हॅलोविनचा लाडू खाल्ला. क्षमा असावी. तो पिंपातला नव्हता, आणि मी त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून घेतला होता. फार चांगला होता.

मी जपलेलं गुपित रविवारपर्यंतच टिकलं. चर्चमधल्या कॉफीच्या वेळी हिल्डाबाईंनी रुमालात बांधून आणलेली कॅप टेबलाटेबलावर फिरवली आणि ‘ही पोरगी लाडवातला दात ओळखते’ म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. सोमवारी रौतिओबाई आल्या, कोट काढायच्या आधी म्हणाल्या, ‘आजपासून सकाळच्या फोटोंवर तू सही कर. मी दुपारी येत जाईन.’ आणि गेल्या. नाताळाचं काही बोलल्या नाहीत. इथे लोक एवढं बोलले म्हणजे भाषणच झालं.

सगळ्यांना नमस्कार, कोंबड्यांनाही.

तुमची, तुम्हीच शिकवलेली,
तबिथा

ता. क. सप्टेंबरात सायलसने तुमच्या खुब्याच्या फोटोची जी तबकडी आणून दिली होती, तिच्यासोबत तुमची चिठ्ठी होती: ‘काय दिसतं ते लिही. मत नको. थोडी लंगडते ती जुन्या बुटांमुळे.’ उशिराबद्दल माफी. तर दिसतं ते असं: उजव्या सांध्यातली फट कमी झालेली, कडेने हाडाची वाढ, वयोमानानुसार असे बदल आढळू शकतात, जुन्या बुटांचा संबंध पूर्णपणे नाकारता

ता. क. २. वरचं वाचू नका. आत्या, खुबा झिजून संपलाय. बदलायला हवा. बूट बदलून काही होणार नाही. डुलुथच्या सर्जनची वेळ मी तुम्हाला न विचारता घेतली आहे.

ता. क. ३. दुसरं मत हवं असेल म्हणून नाव झाकून रौतिओबाईंनाही फोटो दाखवला. दोन्ही बाजूंनी. त्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘ही कोण आहे मला ठाऊक नाही. पण पावलागणिक दुखत असणार हिला, आणि ही घरात कुणाला सांगत नसणार.’ मी शुक्रवारी सकाळी येते. गाडीचा आवाज आला तरी पायऱ्या उतरून दारात येऊ नका. मी आत येईन.