डोकं कुणाचं दुखतं

२ मार्च

आजपासून चिठ्ठी लागत नाही. पाळणा लांबवायच्या गोळ्या — कालपर्यंत डॉक्टरची सही हवी, आज सर्दीच्या गोळीसारख्या उचलून द्यायच्या. सकाळी शटर वर केलं. दुकान तेच, मी तोच, पण काउंटरवर हात ठेवला तो जरा सांभाळूनच.

नाक्यावरचा डॉक्टर जाता जाता म्हणाला, तुझी चांदी झाली की रे! मी हसलो. पण आजवर चूक झाली तर आधी त्याची, मग माझी. आता मधला माणूसच गेला. उरलो मी — खोकी उचलता उचलता काउंटरच्या आतल्या बाजूला आलेला.

दुकानदाराने तीन प्रश्न विचारायचे आहेत. बीपी आहे का? सिगरेट ओढता का? डोळ्यांपुढे लखलखत्या रेघा येऊन अर्धं डोकं दुखतं का? एकाला जरी हो आलं, तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. मला तिसऱ्याचीच धास्ती. अशा बाईच्या रक्तात या गोळीने गुठळी होऊ शकते, आणि गुठळी मेंदूत गेली की संपलं. क्वचित होतं म्हणतात. पण ती क्वचितवाली माझ्याच दारात उभी राहिली तर?

४ मार्च

येतात हो बायका! कुठे होत्या इतके दिवस? तोंडाला स्कार्फ, डोळे औषधाच्या कपाटावर, आणि आवाज इतका बारीक की दुसऱ्या दुकानदाराला तीनदा विचारावं लागेल. माझे कान देवाने वेगळे केलेत. "त्या" एवढं म्हटलं की मला कळतं.

बेकरीवाली आली. म्हणाली, भाऊ, डॉक्टरकडे जायचं तर सासूबाई बरोबर येतात, आणि आत काय बोलणं झालं ते घरी येऊन सगळ्यांना सांगतात. तुमच्याकडे पाव द्यायला आल्यासारखं येता येतं. तिची तीन पोरं मला माहीत आहेत. पाकीट घेऊन गेली तेव्हा चालच निराळी होती तिची. हे चांगलं झालं. भीती वाटते म्हणून चांगल्याला वाईट म्हणणार नाही मी.

संध्याकाळी एक गृहस्थ बायकोसाठी घ्यायला आले. मी माझे प्रश्न सुरू केले. बीपी आहे का? नाही. सिगरेट ओढता का? ओढतो, पण घरी सांगू नका! शेजारचे दोघे खो खो हसले. मीही हसलो. मग बायकोचं विचारून घेतलं आणि पाकीट दिलं.

५ मार्च

लेकीचा फोन. मी आजोबा होणार! जावईबापूंना बोलता येईना, नुसते हो हो करत होते. ही फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. डोळे पुसत असेल.

८ मार्च

आज जेवताना हिला दुकानातली गंमत सांगितली. अर्धे केस पिकलेल्या एक बाई आल्या होत्या त्याच गोळ्या मागायला. मी हिला म्हटलं, ओठांवर आलं होतं, आजीबाई, आता कशाला उगाच खर्च! नक्कल पण करून दाखवली. एरवी माझ्या नकलांवर ही पोट धरून हसते. आज म्हणाली, "त्या बाईला ऐकू गेलं नाही ना?" आणि ताटं उचलली.

नाही गेलं ऐकू. एवढी अक्कल आहे मला.

११ मार्च

शिवणवाल्या ताई आल्या. दुकान आमच्या शेजारीच, मशीनची घरघर दिवसभर ऐकतो. ही दुपारी तिथेच जाऊन बसते, दोघी मैत्रिणी. ताई सरळ मान वर करून म्हणाल्या, भाऊ, त्या गोळ्या द्या. कुजबुज नाही, काही नाही. मी विचारलं — बीपी? नाही. सिगरेट? हसल्या. रेघा दिसून अर्धं डोकं दुखतं? नाही. दणकट बाई. पाकीट दिलं. सगळ्यांनी असं ठणठणीत उत्तर दिलं तर माझी झोप वाचेल.

ही आज पडून. तिचं नेहमीचं. पडदे ओढले, कपाळावर ओला रुमाल. मी भात टाकला.

१५ मार्च



दुकानाबाहेरच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या. मी आत आणि त्या बाहेर, मध्ये रस्त्याचा गोंगाट. पण म्हटलं ना, कान. एक दुसरीला सांगत होती — ऑपरेशनला घाबरू नकोस, शिवणवाल्या ताईंना बघ, पिशवी काढून किती वर्षं झाली, अजून दिवसभर मशीन चालवतात.

पिशवी काढली. मग गोळ्या कशाला?

खोकल्याच्या औषधाची बाटली हातात तशीच राहिली. ताईंनी स्वतःसाठी घेतल्याच नाहीत. दुसऱ्या कुणासाठी तरी नेल्या. आणि मी प्रश्न विचारले ते ताईंना! नाही, नाही, नाही — तिन्ही उत्तरं ताईंच्या डोक्याची, ताईंच्या रक्ताची. गोळी जिच्या पोटात गेली तिचं मला काहीच माहीत नाही.

त्या सिगरेटवाल्या गृहस्थावर हसलो होतो! तिथेच कळायला हवं होतं. "डोकं दुखतं का?" एवढंच विचारतो मी. कुणाचं, ते विचारतच नाही. समोर जो असतो तो आपलंच डोकं चाचपतो.

१६ मार्च

ताईंकडे गेलो. बटण लावून घ्यायचं निमित्त केलं. मशीन थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बटण धडधाकट होतं, ते त्यांनाही दिसलं.

म्हटलं, त्या गोळ्या कुणाला दिल्यात?

"भाऊ, तुम्हीच सांगता ना, तुमच्या दुकानात नाव विचारत नाहीत म्हणून? मग मी तरी कसं सांगू?"

मी म्हटलं, नाव नको. फक्त तिला विचारा, रेघा दिसून डोकं दुखतं का. जिवाशी खेळ आहे. ताईंचा चेहरा उतरला. सुईत दोरा ओवायला लागल्या, तो ओवेना. शेवटी म्हणाल्या, तिला तुमच्याकडे यायची लाज वाटली. डॉक्टरकडे जायची पण. म्हणून मला पाठवलं.

माझ्याकडे यायची लाज? सगळी गल्ली येते माझ्याकडे! मी काय वाघ आहे?

डोकं दुखतं का, ते त्यांनी सांगितलंच नाही. मी दोनदा विचारलं. म्हणाल्या, मी बोलते तिच्याशी, तुम्ही जा. म्हणजे दुखतं. नसतं तर नाही म्हणून मोकळ्या झाल्या असत्या.

१७ मार्च

काउंटरवर पाटी लावली. मोठ्या अक्षरात — गोळी कोण घेणार? सकाळपासून तीन जण गोंधळले, एकाने विचारलं, काय, कोडं आहे का?

आज हिच्याजवळ मन मोकळं केलं. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही, डॉक्टरला सांगितलं तर उद्या सगळ्या नाक्यावर होईल. सगळं सांगितलं. ताईंचं नाव मात्र घेतलं नाही, मैत्रीण पडली हिची. एका बाईने दुसरीसाठी गोळ्या नेल्या, आणि त्या दुसरीला बहुतेक अर्धशिशी आहे, एवढंच. ही गव्हातले खडे निवडत होती. तिने विचारलं, काय होतं म्हणे? मी सांगितलं. गुठळी, झटका, अर्धं अंग जातं, बोलणं जातं. माणूस पण जातो. ही खाली मान घालून निवडत राहिली.

मग म्हणाली, "आधी काही कळतं का त्या बाईला?"

म्हटलं, कळलं तर कळतं. हात बधिर होतो, बोलताना शब्द सापडत नाही. पण आधी गोळ्या थांबवायला हव्यात. दुसऱ्या जातीच्या असतात, अशा बायकांना चालणाऱ्या. साधं विचारायला आली असती तर दिल्या असत्या की, डॉक्टरला विचारून! मी काय खाल्लं असतं तिला?

हिने सुपातले गहू परत डब्यात ओतले, खड्यांसकट. बिचारीला पण धसका बसला माझ्या बोलण्याने. उगाच सांगितलं.

२० मार्च

ॲम्ब्युलन्स गेली. सुटे पैसे देता देता बोटं थांबली. कोणत्या गल्लीत वळते ते बघत राहिलो. सरळ गेली.

२१ मार्च

प्रत्येक बाईकडे आता तसाच बघतो. बेकरीवालीने कपाळ चोळलं, माझं काळीज तोंडाशी. शाळेतल्या बाई चष्मा विसरून आल्या, डोळे बारीक करून बघत होत्या — त्यांना रेघा दिसतात का विचारलं. म्हणाल्या, तुमच्या पाटीवरची अक्षरं सोडून सगळं दिसतं!

ताईंच्या मशीनची घरघर थांबली की मी बाहेर येऊन बघतो, कोण आत गेलं. कोण जाणार? गिऱ्हाइकं. आणि आमची ही.

हिच्या हातून सकाळी कप पडला. म्हणाली, मुंग्या आल्यात हाताला, रात्री अंगाखाली राहिला असेल. मी म्हटलं, आजी होणार तू, आता असंच! हसलो दोघं. म्हणजे मी हसलो.

२४ मार्च, दुपार

सुटलो!

ताई स्वतः दुकानात आल्या. गर्दी नव्हती. काउंटरवर वाकून म्हणाल्या, "भाऊ, जिवाला घोर लावून घेऊ नका. तुम्ही बोललात ना, त्याच दिवसापासून तिने गोळ्या बंद केल्या. घाबरली होती फार. आता डॉक्टरकडे जा म्हणून तुम्हीच समजवा."

मी हात जोडले. म्हटलं, समजावतो, कधीही पाठवा, मी स्वतः बरोबर जाईन. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण माझं तोंड बघून तशाच निघून गेल्या. छातीवरचा दगड उतरला. आज दुपारचा चहा दुकानात नको, घरी जाऊन हिच्याबरोबर घेतो. पहिल्यांदा तिलाच सांगतो.

२४ मार्च, घरी

"तुम्ही बोललात ना" — कुणाशी बोललो मी? ताईंना मी म्हटलं होतं, विचारा. थांबवा असं म्हटलं नव्हतं. ते मी एकाच माणसाला सांगितलं.

दारात चप्पल काढता काढता कळलं. पडदे ओढलेले. तिचं नेहमीचं. दुकानात त्याला अर्धशिशी म्हणतो, घरात नेहमीचं म्हणतो.

जवळ बसलो. रुमाल उचलला. विचारलं, "तुझ्या — तुझ्या डोळ्यांपुढे रेघा येतात का गं?"

"लग्नाच्या आधीपासून," ती म्हणाली.

डावा हात हातात घेतला. दाबला. तिला कळलं नाही. डॉक्टर निघालाय.